एक पातेलं जास्त

काटा घशात आडवा बसला आणि माझ्या हातातला चमचा खाली पडला. तोंड उघडं, डोळ्यांतून पाणी, गिळायला गेलं की आत सुई टोचत होती. श्वास येत होता, पण मला वाटत होतं येत नाही, आणि घाबरायला तेवढं पुरतं. समोर बाबा बसले होते. त्यांनी आधी पाठीत धपाटा घातला, मग पाण्याचा पेला तोंडाला लावला. पाणी काट्यापर्यंत गेलं आणि नाकातून परत आलं. "काय झालं शके? काय गिळलंस?" बाबा विचारत राहिले. मला बोलता येत नव्हतं, आणि बोलता आलं असतं तरी काय सांगणार होते? आम्हाला काटा माहीत होता तो बाभळीचा, पायात मोडणारा. डाळीत काटा असतो हे आमच्या घराण्यात कुणाला ठाऊक नव्हतं. बाबांनी माझ्या वाटीत बोट घालून डाळ ढवळली. तळाशी माशाच्या डोक्याचे तुकडे होते, आणि एका तुकड्याला डोळा होता. बाबांचा पहिला घास अजून त्यांच्या हातात होता, कारण देवाचं नाव घेतल्याशिवाय ते घास तोंडात घालत नसत. तो घास त्यांनी हळूच पानावर परत ठेवला.

वाढप्या ओरडला, "काटा लागला, काटा! पोरीला काटा लागला!" सगळं हॉटेल माझ्याकडे बघायला लागलं. तेवढ्यात मागच्या दारातून एक म्हातारी आली. पांढरं बिनकाठाचं लुगडं, केस पुरुषासारखे बारीक कापलेले. तिच्या मुठीत भात होता. त्याचा तिने लिंबाएवढा गोळा वळला आणि माझी हनुवटी धरून तोंडात कोंबला. "चावायचं नाही. आख्खा गिळ." बंगाली मला तेव्हा अर्धवट कळायचं, पण हे कळलं. मी गिळला. मग अजून एक, अजून एक, आणि मग काहीतरी खरडत पोटात गेल्याचं जाणवलं. तिने माझी जीभ बाहेर काढायला लावली, आत पाहिलं आणि म्हणाली, "गेला." असा गोळा गिळू नये, असं डॉक्टर सांगतात म्हणे. माझी नात मला हे वाचून दाखवते. बरोबर असेल. तेव्हा मात्र गेला.

म्हातारी मग गल्ल्यावरच्या माणसाकडे वळली. हॉटेल त्याचं होतं, नाव निमाईबाबू, आणि ती त्याची आत्या. बंगालीत आत्याला पिशिमा म्हणतात. "पोरीचा हात बांधलेला दिसत नाही तुला? चमच्याने खातेय ती! तिला मुंडीची डाळ घातलीस?"

"पिशिमा, बाबूंनी डाळ मागितली, मी डाळ दिली."

"कसली ते विचारलंस?"

"डाळ कसली म्हणून हॉटेलात कोण विचारतं?"

दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. बाबाही बरोबर होते. त्यांनी मासा नको, मटण नको, अंडं नको असं तीन बोटांवर मोजून सांगितलं होतं आणि मग, चूक व्हायला जागा राहू नये म्हणून, फक्त डाळभात मागितला होता. निमाईबाबूंना वाटलं असेल, माणूस गरीब आहे, भाजीला पैसे नसतील, आणि त्यांनी आपल्या हाताने चांगली डाळ वाढली. कलकत्त्यात माशाचं डोकं घातलेली डाळ ही पाहुण्याला द्यायची डाळ. आमच्यासारखी माणसंच अशी फसणार.

हॉटेलात जेवायची आमची रीतच नव्हती. आम्ही सोलापूरकडचे, घरात तुळशीची माळ, आई आणि बाबा दोघांच्याही गळ्यात. बाबा तेल कंपनीत फिटर होते, बदली होऊन बजबजच्या डेपोवर आले आणि सोबत आम्हाला घेऊन आले. सियालदहच्या मागच्या गल्लीत एक खोली मिळाली. बाबा पहाटेची लोकल धरायचे आणि अंधार पडता परत यायचे. मी गावी चौथी केली होती आणि तिथेच शिक्षण संपलं. लिहायला तेवढं पुरतं, हे आता दिसतंच आहे. खोलीत दिवसभर मी आणि आई. कोळशाच्या शेगडीचा धूर, ट्रामची घंटा, खाली पाणी भरणाऱ्या बायकांची भांडणं. रोज सकाळी एक मासेवाली दारापर्यंत येऊन ओरडायची, "वहिनी, आज ताजा रोहू!" आई आतून मराठीत म्हणायची, "नको गं बाई." हे रोज चालायचं आणि दोघींपैकी एकही कधी कंटाळली नाही. आई पिठलं करायची, वरण करायची, शेंगदाण्याची चटणी कुटायची. ज्वारी मिळत नव्हती, त्याबद्दल ती कलकत्त्यावर कायम नाराज होती.

मग आईचं बाळंतपण बिघडलं. मूल मेलेलंच जन्मलं, मुलगा होता, आणि आईचं खूप रक्त गेलं. तिला मोठ्या सरकारी इस्पितळात ठेवलं. मी घरी पहिल्याच दिवशी खिचडीचं पातेलं उतरवताना उजव्या हातावर सांडलं आणि मनगटापर्यंत पट्टी बांधून घेतली. बाबांना चहासुद्धा धड येत नव्हता. अशा रीतीने त्या रविवारी दुपारी आम्ही स्टेशनजवळच्या त्या भाताच्या हॉटेलात जाऊन बसलो होतो.

पण खरी अडचण आमच्या जेवणाची नव्हती. बाबा पोहे भिजवून खाऊ शकत होते, मी केळी खाऊ शकत होते. अडचण आईच्या जेवणाची होती. बंगाली लोकांत आजाऱ्याला मासा देतात. रक्त गेलेल्याला तर शिंगी नावाच्या माशाचा पातळ रस्सा, तो त्यांचा रक्ताचा उपाय. इस्पितळातून रोज भात आणि हा रस्सा यायचा. जे खात नाहीत त्यांना दूध आणि पाव. आई दूध आणि पाव खायची, म्हणजे पावाचा एक तुकडा दुधात बुडवून तो फुगेपर्यंत त्याच्याकडे बघत बसायची. वॉर्डातली सिस्टर वैतागायची. मोडक्या हिंदीत विचारायची, "तुला जीव मोठा की माळ मोठी?" आई म्हणायची, "दोन्ही गळ्यातच आहे, वेगळं कसं काढू?" मी हे सिस्टरला हिंदीत सांगितलं. सिस्टर हसली नाही. मला बाजूला घेऊन म्हणाली, "तुझ्या आईला अन्न लागतं. बाहेरून आण, कुठूनही आण. नाहीतर ती उठायची नाही." हे तिने मला सांगितलं, बाबांना सांगितलं नाही. रविवार सोडला तर बाबा भेटीच्या वेळेला पोचायचेच नाहीत.

म्हणून दुसऱ्या दिवशी मी त्या हॉटेलाच्या मागच्या दाराशी गेले. भाताच्या गोळ्याचा वास माझ्या डोक्यातून जात नव्हता. हॉटेलात उकडा भात असायचा, जाड, कोंड्याच्या वासाचा. पिशिमाने माझ्या तोंडात कोंबला तो भात बारीक, सुवासिक, तुपाचा हात लागलेला होता. आमच्या आंबेमोहोराचा भाऊ. मागे छोटं अंगण होतं. तिथे तिची वेगळी चूल, वेगळी भांडी, वेगळा पाटावरवंटा. मासा शिजतो त्या चुलीकडची पळीसुद्धा तिच्या भांड्याला लागलेली चालत नसे. आंघोळ करून ओलेत्याने ती एकदाच शिजवायची आणि एकदाच जेवायची. काल माझ्या पानाला हात लागला म्हणून तिला पुन्हा आंघोळ करावी लागली होती, जेवण दुपारच्याही पुढे गेलं होतं. हे तिने कुरकुरत सांगितलं आणि मला पाट दिला.

काय जेवले मी त्या दिवशी! आधी कारल्याची कडवट पातळ भाजी, कारण कडू आधी खायचं. मग खोबरं घातलेली मुगाची डाळ, केळफुलाची भाजी, कच्च्या केळ्यांचा रस्सा. कांदा नाही, लसूण नाही, आलं आणि जिरं आणि वर तूप. चमचा डाव्या हातात धरून मी खात होते आणि मला एवढंच कळत होतं की हे आमचंच जेवण आहे. कुणाला विचारावं लागत नव्हतं, डाळीत काही नव्हतं. मी म्हटलं, "माझ्या आईला देशील? मी डबा आणते."

"आईच्या भांगात सिंदूर आहे?"

"कुंकू लावते. बाबा आहेत ना."

पिशिमाने हात धुतले. "मग नाही."

मला वाटलं माझं बंगाली चुकलं. पण चुकलं नव्हतं. तिने सावकाश समजावलं. हे विधवेचं जेवण. नवरा मेला त्या दिवशी तिच्या पानातला मासा काढून घेतला, मसूर काढून घेतली, कांदा काढून घेतला, आणि उरलं ते हे. बाईच्या पानात मासा आहे तोवर तिचा नवरा आहे. तुझ्यासारख्या कुमारीला चालतं. सवाष्ण बाईला मी माझ्या हंडीतलं वाढलं आणि उद्या तुझ्या बापाला काही झालं तर? "मी कुणाचं कपाळ पुसणार नाही," ती म्हणाली. तिचं लग्न झालं होतं तेव्हा ती माझ्याहून लहान होती आणि वर्षभरात विधवा झाली होती. मी विचारलं, "तू कधी मासा खाल्ला होतास का?"

"खाल्ला होता. चव आठवत नाही. काटे आठवतात."

रोज ती मला बोलवायची आणि पोटभर घालायची. मी रोज पोटभर जेवून इस्पितळात जायचे आणि आईसमोर बसायचे. आईच्या ओठांचा रंग कपाळासारखा झाला होता. ती दिवसातला पुष्कळ वेळ झोपून असायची आणि हाक मारली की उशिरा ओ द्यायची. एकदा मी तिला पिशिमाचं बोलणं सांगून टाकलं. मला वाटलं ती रडेल. ती डोळे मिटूनच म्हणाली, "त्यांना सांग, मी उपाशी मेले तर माझं कुंकू शाबूत राहील. फक्त ते लावायला कपाळ राहणार नाही."

मी पिशिमाला जसंच्या तसं सांगितलं. ती वाटण वाटत होती. वरवंटा थांबला. "असं बोलली? कोण आहे ती? दाखव मला ती बाई."

भेटीच्या वेळेला पिशिमा माझ्याबरोबर निघाली. रस्त्यात कुणाचा धक्का लागू नये म्हणून भिंतीच्या कडेने चालत होती. इस्पितळाच्या जिन्यावर मात्र तिला थांबावं लागलं. तिथे पायऱ्यांवर बायका बसलेल्या असायच्या, सगळ्या पांढऱ्या लुगड्यातल्या. मी त्यांना रोज ओलांडून वर जायचे. कुणाची सून आत, कुणाचा मुलगा आत. दूरच्या खेड्यांतून लोकलने आलेल्या. एकीच्या पदरात मुरमुरे होते. पिशिमाने तिला विचारलं, "हे काय जेवण?"

"मग दुसरं काय दिदी?"

"किती दिवस?"

"सून आत आहे तोवर. हॉटेलात आमच्याजोगं काय मिळतं? भात घ्यावा तर त्याच पळीने वाढतात."

पिशिमा तिथे खाली बसली आणि बराच वेळ उठेना. मला वाटलं भेटीची वेळ संपणार. शेवटी वर आली. आईला तिची भाषा येत नव्हती, तिला आईची येत नव्हती. तिने सरळ आईच्या डोळ्याखालची कातडी अंगठ्याने ओढून पाहिली. आतून पांढरी होती. मग दुधातल्या फुगलेल्या पावाकडे पाहिलं, आईच्या गळ्यातली माळ बोटाने उचलून पाहिली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "ही अशी राहिली तर आठवड्यात हिला नेतील."

"काय म्हणाल्या?" आईने विचारलं.

"पुन्हा येते म्हणाल्या," मी म्हटलं.

परत आल्यावर हॉटेलात भांडण झालं ते सगळ्या गिऱ्हाइकांनी ऐकलं. पिशिमाला पुढच्या भागात, मोरीजवळच्या कोपऱ्यात नवी चूल पाहिजे होती. नवं पातेलं, नवी पळी. रोज निरामिष शिजवायचं, विकायला. निरामिष म्हणजे मासा-मांस नाही, कांदा-लसूणही नाही. निमाईबाबू म्हणाले, "पिशिमा, माझ्याकडे माणसं मासे खायला येतात."

"आणि ज्यांना मासे नकोत ती कुठे जातात, पाहिलंस?"

"कुठे जातात?"

"जिन्यावर."

"अगं पण निरामिषाला हॉटेलात पैसे कोण देईल? ते तर घरी मिळतं."

"घर सोडून आलेली माणसं देतील. तुझा मासा मी बंद कर म्हणते का? माझ्या बापाने घातलेलं हॉटेल आहे. एक पातेलं जास्त ठेव म्हणते."

दोन बाकांवरच्या माणसांनी पिशिमाची बाजू घेतली, एकाने निमाईबाबूंची, आणि वाढप्याने विचारलं की मासा वाढायचा की नाही ते एकदा ठरवा. चूल बसली. ती कुणाच्या विधवेपणाची नव्हती, हॉटेलची होती. तिच्यावरचं अन्न पिशिमाचं नव्हतं, विकायचं होतं. सवाष्णीने ते खाल्लं तर कुणाच्या कपाळाला धक्का लागत नव्हता. ही वाट पिशिमाने स्वतःच काढली. तरी तिला पुरती खात्री नसावी, कारण पहिल्या दिवशी डबा माझ्या हातात देताना तिने झाकणाला सिंदुराचं बोट लावून ठेवलं होतं. विधवेने सिंदुराला हात लावायचा नसतो. तिने निमाईबाबूंच्या बायकोचं बोट धरून लावून घेतलं होतं.

आईने ते पाहिलं. विचारलं नाही. झाकणावरचं बोटाने पुसून आपल्या कपाळाला लावलं आणि मग जेवायला बसली. रोज तसंच करायची. डब्यात उंबराची भाजी असायची, आपल्याकडे उंबर कुणी शिजवत नाही, पण तिथे रक्तासाठी देतात. कुलेखाडा नावाच्या पाल्याचा हिरवा रस असायचा बाटलीत. तो आईला अजिबात आवडला नाही आणि ती मला मराठीत शिव्या देत पिऊन टाकायची. हाक मारली की लगेच ओ द्यायला लागली, तेव्हा मला कळलं. पुढे तर सिस्टर डबा उघडायच्या वेळी मुद्दाम त्या खाटेकडे यायची. "आज काय?" एकदा तिने केळफुलाची भाजी चाखली आणि आईला म्हणाली, "माळ मोठी." आईला हसताना पोटात दुखायचं, तरी हसली.

हॉटेलात सुरुवातीला त्या चुलीपुढे कुणी बसेना. मग जिन्यावरच्या बायका आल्या, माशांकडे पाठ करून भिंतीशी बसल्या. मग गळ्यात माळ असलेला एक वैष्णव हमाल, मग कापडाच्या दुकानातले मारवाडी कारकून. आणि रविवारी बाबा. निमाईबाबूंनी बाबांची माळ पहिल्या दिवशी शर्टाच्या आत होती म्हणून पाहिली नव्हती. पाहिल्यावर त्यांनी स्वतःचे कान पकडले. बाबांना ते आवडलं नाही, त्यांनी निमाईबाबूंचे हात धरून खाली केले. वाढप्या माशांची नावं ओरडायचा, रोहू, भेटकी, पाबदा, त्याच दमात आता शेवटी "निरामिष!" ओरडायला लागला. बाबा दर रविवारी इस्पितळात त्याची नक्कल करून दाखवायचे आणि आई खाटेवर पडून ऐकायची.

बाबांची पुढे बदली झाली नाही आणि माझंही लग्न इथेच, हावड्यात एका मराठी घरात झालं, म्हणून मी अजून ह्याच शहरात आहे. नातवंडं मला हॉटेलात नेतात. कार्डावर हिरवा ठिपका असतो, त्याच्यापुढे पनीर, पनीर आणि पनीर. केळफूल नाही, उंबर नाही, कारलं नाही. मी वेटरला बोलावते आणि विचारते, डाळीत काय आहे, आणि तुमच्याकडे आज भाजी कुठली आहे, खरी भाजी. नातवाला लाज वाटते. वाटू दे. मालकाला बोलवा म्हणते आणि त्याला सांगते की एक पातेलं जास्त ठेवा, ज्यांना मासे नकोत ती माणसंही भुकेलेली असतात. काही ठेवतात. बहुतेक मान हलवतात. आणि दुसरीकडे, आमच्याच ओळखीतले लोक आता मासे खाणाऱ्याला सोसायटीत फ्लॅट देत नाहीत, ह्या शहरात राहून. त्यांनाही मी बोलते. दुसऱ्याची चूल विझवून आपलं पातेलं चढवायचं, हे पिशिमाने नाही केलं. निमाईबाबूंचा मासा चालूच राहिला आणि चांगला असायचा म्हणे.

ते हॉटेल आता नाही. पिशिमा माझ्या लग्नाआधी गेली, एका एकादशीला, निर्जळी उपासात. बाबा म्हातारपणी गेले, आईच्या आधी. पिशिमा असती तर बाबा आधी गेले म्हणून तिने त्या डब्यांकडे बोट दाखवलं असतं. मी म्हणते, ते म्हातारे झाले होते. त्यांच्यानंतर आई कुंकू लावत नव्हती, पण जेवत तेच होती जे आधी जेवत होती, तिच्या पानातून कुणाला काही काढून घेता आलं नाही. त्या बाळंतपणात बाळ वाचलं नाही. आई वाचली.